आधी दुसऱ्याचे पान : पंडिता रमाबाई यांचे चरित्र

विद्यार्थिमित्रहो, आपल्या घरी पंगत बसते तेव्हा पाहुण्यांची पाने आधी वाढली जातात, मग मुलाबाळांची, आणि भांड्याच्या तळाशी जे उरेल ते घरच्या बाईच्या वाट्याला येते. हा शिरस्ता आपण इतका नित्याचा मानला आहे की, त्यात कोणाचा काही त्याग आहे असे आपल्या ध्यानातही येत नाही. येथे एक प्रश्न स्वतःस विचारण्याजोगा आहे. ज्यास शेवटी बसण्यावाचून गत्यंतरच नाही त्याचे शेवटी बसणे, आणि ज्यास पहिल्या पाटाचा मान असताना तो आपणहून उठून दुसऱ्यास जागा देतो त्याचे शेवटी बसणे, ही दोन्ही सारखीच म्हणावयाची काय? पहिली गोष्ट लाचारी होय. दुसरी प्रीती होय. बाहेरून दोन्ही एकसारखी दिसतात, म्हणून त्यांची गल्लत सहज होते.

ही गल्लत जिने स्वतःच्या आयुष्याने दूर केली अशी एक स्त्री आपल्या महाराष्ट्रात होऊन गेली. शेवटच्या पाटावर ज्यांना बळेच बसविले होते त्यांना तिने हात धरून उठविले, आणि स्वतः मात्र पहिला पाट सोडून शेवटी बसणे पत्करले. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. परंतु त्यांचे चरित्र नीट ठाऊक असणारे थोडेच. म्हणून ते येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिण भागातील गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान व तितकेच निश्चयी गृहस्थ होते. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये असा त्या काळचा दंडक होता. परंतु शास्त्रीबोवांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविण्याचे मनात आणले. लोकांनी गहजब केला. तेव्हा वाद घालीत बसण्यापेक्षा त्यांनी गाव सोडले आणि अरण्यात पर्णकुटी बांधून तेथे पत्नीचे शिक्षण पुरे केले. त्यांच्या आश्रमात विद्यार्थी येत, यात्रेकरू येत, आणि आल्यागेल्यास विन्मुख लावावयाचे नाही असा त्यांचा नेम होता. आतिथ्य करता करता घरची पुंजी सरली, कर्ज झाले, आणि रमाबाई सहा महिन्यांच्या असतानाच त्या कुटुंबाने अरण्य सोडले. तान्ह्या रमेस वेताच्या पेटाऱ्यात निजवून, तो पेटारा एका माणसाच्या डोक्यावर देऊन, सर्व मंडळी तीर्थयात्रेस निघाली. ती यात्रा पुढे वर्षानुवर्षे चालली.

या फिरत्या घरात लक्ष्मीबाईंनी आपल्या मुलीस शिकविले. पहाटे स्वयंपाकपाण्याची कामे सुरू होण्याच्या अगोदर आई तिला जवळ घेऊन श्लोक म्हणून घेई. पाटी नाही, पुस्तक नाही. कानाने ऐकावे व तोंडाने म्हणावे. अशा रीतीने भागवताचे अठरा हजार श्लोक त्या मुलीस मुखोद्गत झाले. आपल्या शाळेतील जी मुले चार ओळी पाठ करावयास कुरकुर करतात त्यांनी हे ध्यानात घ्यावे. परंतु त्याहूनही ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की, जी विद्या पुढे रमाबाईंस सभेत मानाचे स्थान देणार होती, ती एका थकल्याभागल्या आईने आपल्या विसाव्याचा वेळ देऊन त्यांच्या पदरी घातली होती.

१८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. पुराण सांगून उदरनिर्वाह करणाऱ्या या कुटुंबाचा आधार तुटला. लोकांपाशी स्वतःपुरते अन्न नाही, तेथे पुराणिकास कोण देणार? भांडीकुंडी गेली, वस्त्रे गेली. भीक मागण्यास जीभ रेटेना, आणि मजुरी करण्याची सवय नाही. एक वेळ अशी आली की, पाणी, झाडाचा पाला व मूठभर रानखजूर यांवर त्यांनी अकरा दिवस काढले. वडील त्या हालअपेष्टांतच निवर्तले. त्यामागून आईचा अंत जवळ आला. भुकेने तळमळणाऱ्या आईचे हाल न पाहवून ही तरुण मुलगी एका घरी भाकरी मागण्यास गेली. घरच्या बाईने दया करून बाजरीची भाकर दिली. परंतु ती घेऊन मुलगी परत आली तेव्हा आईच्या अंगी घास गिळण्याचेही त्राण उरले नव्हते. आईचा देह स्मशानात नेण्यास माणसे मिळेनात. महत्प्रयासाने दोघे ब्राह्मण मिळाले. बाकीचे दोन खांदे मुलगा व मुलगी यांनी द्यावयाचे होते. रमाबाई ठेंगण्या असल्यामुळे त्यांचा खांदा पुरेना, म्हणून त्यांनी तो भार डोक्यावर घेतला आणि तशाच चालत गेल्या. थोड्याच अवधीत वडील बहीणही गेली.

मित्रहो, हा प्रसंग मनात नीट ठेवा. ती भाकर आईच्या तोंडी पडली नाही. परंतु पुढे वीस वर्षांनी हजारो मुलींच्या तोंडी जी भाकर पडली, तिचे मूळ येथे आहे. दुःख सर्वांनाच येते. दुःखाने कोणी कडवट होतो, कोणी दुसऱ्याचे दुःख ओळखू लागतो. ज्याने स्वतःची भूक आठवणीत जपून ठेवली त्यास दुसऱ्याची भूक सांगावी लागत नाही.

आता श्रीनिवास व रमा ही दोन भावंडे मागे राहिली. पायी पायी त्यांनी अवघा हिंदुस्थान पालथा घातला. ही मजल चार हजार मैलांवर गेली असे सांगतात. उत्तरेकडील कडाक्याच्या थंडीत पांघरूण नसल्यामुळे ती झेलम नदीच्या वाळवंटात खड्डे खणीत आणि गळ्यापर्यंत वाळू ओढून घेऊन रात्र काढीत. १८७८ साली ती कलकत्त्यास पोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिची विद्वत्ता पाहून तिला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या अर्पण केल्या. जिला काल कोणी अन्न देत नव्हते तिच्या व्याख्यानास आता सभागृहे अपुरी पडू लागली.

परंतु दैवाचे फेरे संपले नव्हते. १८८० साली भाऊ वारला. मरणसमयी त्यास स्वतःची नव्हे, तर मागे एकट्या राहणाऱ्या बहिणीची चिंता होती. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते. यामुळे दोन्हीकडच्या लोकांचा रोष झाला. दोघे आसामात सुखाने राहू लागली. १८८१ च्या एप्रिलात मनोरमा ही कन्या झाली. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीस पटकीने गाठले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत रमाबाई आई, बाप, बहीण, भाऊ व पती या सर्वांस मुकल्या. कडेवर तान्ही मुलगी, आणि कपाळी वैधव्य.

त्या काळी वैधव्य म्हणजे काय, याची आजच्या मुलामुलींना पुरती कल्पना यावयाची नाही. आठदहा वर्षांची पोर, जिने नवऱ्याचे तोंडही धड पाहिलेले नाही, तिचे केस काढीत, तिला एकवेळ जेवू घालीत, शुभकार्यात तिची सावली टाळीत, आणि घरातील सर्व कष्ट तिच्या अंगावर टाकीत. सर्वांच्या मागून जेवणारी, सर्वांच्या आधी उठणारी ती मुलगी मोठी त्यागी आहे असे कोणी म्हणत नसे. तिचे नशीबच तसे, असे म्हणत. लादलेला शेवटचा पाट तो हा. रमाबाई महाराष्ट्रात परत आल्या त्या अशा बहिणींची कैफियत घेऊन. १८८२ साली पुण्यास त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले, आणि हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी स्त्रीशिक्षिका व स्त्रीवैद्य असाव्यात अशी मागणी केली.

स्वतः वैद्यकी शिकावी या हेतूने, पुस्तकाच्या विक्रीतून आलेल्या पैशावर, १८८३ साली त्या मुलीसह विलायतेस गेल्या. परंतु त्यांना कानांनी कमी ऐकू येत असे, आणि या व्यंगामुळे वैद्यकीचा मार्ग बंद झाला. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात त्या राहत होत्या. त्या भगिनी लंडनमध्ये पतित म्हणून समाजाने झिडकारलेल्या स्त्रियांसाठी एक गृह चालवीत असत. ते काम पाहून रमाबाई थक्क झाल्या. ज्या स्त्रीस कोणी दारात उभे करीत नाही तिची सेवा कुलीन स्त्रिया आपल्या हातांनी करीत आहेत, हे त्यांनी यापूर्वी कोठे पाहिले नव्हते. असे का करता, म्हणून त्यांनी विचारले. तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखविण्यात आली. विहिरीवर एकट्या आलेल्या, लोकांनी टाकलेल्या त्या स्त्रीशी प्रभु येशू आपण होऊन बोलला व तिच्यापाशी त्याने पाणी मागितले, ही गोष्ट रमाबाईंच्या अंतःकरणास भिडली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी व मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. येथे हे सांगितले पाहिजे की, बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांनी आपली बुद्धी कोणाच्या स्वाधीन केली नाही. धर्मगुरूंनी जे जे सांगितले ते ते त्यांनी पारखून घेतले, आणि पटले नाही तेव्हा स्पष्ट तसे कळविले.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांना डॉक्टरची पदवी मिळण्याच्या समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. पुढची दोनअडीच वर्षे त्यांनी तो देश पालथा घातला, बालशिक्षणाच्या पद्धती अभ्यासिल्या, आणि हिंदी उच्चवर्णीय स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले. त्या पुस्तकाने अनेकांची मने हलविली. १८८७ साली बॉस्टन शहरी त्यांच्या नावे एक मंडळ स्थापन झाले व विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे मदत देण्याचे त्याने कबूल केले. तेथे राहून सुखाने व मानाने आयुष्य घालविणे त्यांना अशक्य नव्हते. परंतु १८८९ च्या आरंभी त्या परत आल्या.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन उघडले. तेथे आलेल्या पहिल्यावहिल्या विधवा विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी या होत्या. पुढे १८९३ साली त्यांचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे म्हणून प्रसिद्धीस आल्या. कर्व्यांच्या हातून स्त्रीशिक्षणाचे जे अचाट कार्य झाले त्याच्या संसाराची सहचारिणी या सदनात घडली, हे विसरता येत नाही. १८९० साली सदन पुण्यास आले. रमाबाईंच्या घराची रचनाच अशी की, मुलींना त्यांच्या खोलीत केव्हाही मुक्तद्वार असे. सासरी ज्यांचे तोंड पाहणे अशुभ मानीत, त्या मुली बाईंच्या गळ्यात पडत, त्यांच्या मनोरमेसह त्यांच्या पंक्तीस जेवत.

या मुक्तद्वारावरूनच पुढे वादळ उठले. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत पवित्र शास्त्र वाचून प्रार्थना करीत. दार उघडे असल्यामुळे काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. हे धर्मांतराचे आमिष आहे असा बोभाटा झाला. १८९३ साली सल्लागार मंडळातील रानडे, भांडारकर यांच्यासारख्या थोर गृहस्थांनी आपला संबंध सोडला, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे होते की, मी कोणास बोलावीत नाही व कोणास हाकलूनही देत नाही; हिंदू मुलींना आपला धर्म पाळण्याची सदनात पूर्ण मोकळीक आहे. या वादात दोन्ही पक्षी प्रामाणिक माणसे होती. पालकांची भीतीही समजण्यासारखी होती. परंतु एवढे खरे की, पुण्यातील लौकिक राखण्यासाठी एक दार लोटून घेणे पुरेसे होते, आणि ते रमाबाईंनी लोटले नाही.

आता त्यांच्या आयुष्यातील मुख्य भागाकडे वळू. शारदासदनास पुढे स्वतःचे उत्पन्न असावे, म्हणून रमाबाईंनी पुणे व दौंड यांच्या दरम्यान केडगाव येथे शंभर एकर माळरान घेतले होते, आणि तेथे फळझाडे लाविली होती. बेत शहाणपणाचा होता. अमेरिकेतील मदतीची दहा वर्षे सरत आली होती. पुढची तजवीज झाली पाहिजे होती. इतक्यात १८९६ साली मध्यप्रांतात मोठा दुष्काळ पडल्याची वार्ता आली.

हिशेबी माणसाने अशा वेळी काय केले असते? आपल्याच संस्थेचे उद्या काय होणार याची शाश्वती नाही. ज्या मंडळाने पैसा दिला तो उच्चवर्णीय विधवांसाठी दिला, दुष्काळातील कोणत्याही जातीच्या पोरींसाठी नव्हे. नकार देण्यास कारणे भरपूर होती, आणि तीही खोटी नव्हती. परंतु रमाबाईंना ते अकरा दिवस आठवले, ती बाजरीची भाकर आठवली. त्या मध्यप्रांतात गेल्या. तेथील अन्नछत्रे व दुष्काळी कामे त्यांनी हिंडून पाहिली. हाडांवर कातडे उरलेली मुले, आणि त्याहून भयंकर म्हणजे मुलींच्या भुकेचा सौदा करण्यास टपलेली माणसे, त्यांनी पाहिली. त्यांनी मुली गोळा केल्या व आगगाडीने आणिल्या. काही महिन्यांत ही संख्या तीनशेच्या आसपास गेली. जात विचारली नाही, उपयोग विचारला नाही. काही मुली इतक्या खंगलेल्या होत्या की, त्यांना अन्न पचेना. काहींच्या अंगावर जखमा होत्या. काही इतक्या भेदरलेल्या की, मिळालेली भाकर अंगाखाली दडवून ठेवीत.

त्याच सुमारास पुण्यात प्लेग आला, आणि शहरात इतक्या मुली ठेवणे शक्य राहिले नाही. तेव्हा उत्पन्नासाठी घेतलेले केडगावचे रान त्यांच्या निवाऱ्याचे स्थान झाले. प्रथम तंबू, झोपड्या. मग दगडी इमारती. १८९८ साली मुक्तिसदनाची रीतसर प्रतिष्ठा झाली. ज्या बागेच्या फळांवर शारदासदन चालावयाचे, तिच्याभोवती आता भुकेल्या मुलींचे गावच वसले. संस्थेच्या भवितव्याची तरतूद त्यांनी दुसऱ्याच्या आजच्या गरजेपुढे ठेवून दिली, आणि आश्चर्य असे की, त्यामुळे संस्था बुडाली नाही, वाढली.

प्लेगच्या काळातील आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांची अब्रू सुरक्षित नाही असे त्यांच्या अनुभवास आले, तेव्हा त्यांनी ती गोष्ट वर्तमानपत्रातून निर्भीडपणे लिहिली. राज्यकर्ते ख्रिस्ती, आपणही ख्रिस्ती, म्हणून मूग गिळून बसावे असे त्यांना वाटले नाही. परोपकार म्हणजे केवळ मऊ बोलणे व सोसणे नव्हे. आपला अपमान गिळणे हा सद्गुण असेल. दुसऱ्यावरील अन्याय गिळणे हा नव्हे.

१८९९-१९०० सालचा दुष्काळ त्याहूनही भयंकर होता. गुजराथ, राजपुताना येथे हाहाकार झाला, तसाच आपल्या वऱ्हाडातही झाला. त्या वेळी आपला जिल्हा वणी या नावाने ओळखला जात असे. १९०५ साली त्यास यवतमाळ हे नाव मिळाले. कपाशीच्या या काळ्या मातीस पाऊस न लाभला म्हणजे काय होते, हे आपल्यापैकी कोणास सांगावयास नको. रमाबाईंनी या वेळी गुजराथेकडील शेकडो मुलींना आश्रय दिला, आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार माणसांचे घर! त्यांना दोन वेळा जेवू घालणे, आंघोळी, कपडे, औषधपाणी, शाळा. आणि पैशाची कोठे हमी नाही. हे कसे चालले? याचे उत्तर रमाबाईंच्या प्रार्थनेत आहे, तसेच त्यांनी लाविलेल्या शिस्तीतही आहे. शारदासदनातील ज्या मुली काल स्वतः आश्रयास आल्या होत्या त्यांना त्यांनी या नव्या मुलींच्या शिक्षिका व सांभाळणाऱ्या केले. ब्राह्मणाच्या घरी वाढलेल्या मुलींनी परजातीच्या, अंगावर घाण साचलेल्या, शिवराळ पोरींना न्हाऊ घालावे, त्यांच्या जखमा धुवाव्या, त्यांना जवळ घेऊन निजवावे, ही गोष्ट बोलण्याइतकी सोपी नव्हती. मोठ्या मुलीने धाकटीची आई व्हावे असा तेथील संप्रदाय पडला. शेतकी, विणकाम, दूधदुभते, तेलाचा घाणा, भटारखाना, छापखाना, सर्व कामे मुलीच करीत. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. आंधळ्या मुलींसाठी वर्ग निघाला. मनोरमेने ठिपक्यांची लिपी शिकून घेऊन त्यांना बोटांनी वाचावयास शिकविले. जी आपल्या पायावर उभी राहिली तिने दुसरीस हात द्यावा, हा तेथला नियम होता. म्हणून मुक्तिसदनातून निघालेल्या मुली कोणाच्या उपकाराचे ओझे वाहत बाहेर पडल्या नाहीत; शिक्षिका, परिचारिका, गृहिणी होऊन बाहेर पडल्या.

आणि या घराची यजमानीण कशी राहत असे? जाडेभरडे पांढरे वस्त्र, शाकाहारी साधे जेवण. ज्यांना युरोप-अमेरिकेतील सभांनी उभे राहून मान दिला होता त्या बाई येथे धान्याची कोठारे तपाशीत, विहिरींची खोदाई पाहत, आजारी पोरींच्या उशाशी बसत. त्यांची थोरवी सभांतल्या गौरवात जितकी दिसली, त्याहून अधिक या रोजच्या किरकोळ कामांत दिसते. मोठा त्याग करण्याचा प्रसंग आयुष्यात एकदोनदा येतो आणि त्या वेळी लोक पाहत असतात. धान्य निवडताना कोणी पाहत नाही.

त्यांच्या उत्तर वयातील एका कामाचा उल्लेख केल्यावाचून हे चरित्र पुरे होणार नाही. केडगावच्या मुली व खेड्यातील अल्पशिक्षित बाया यांना पवित्र शास्त्राचे त्या वेळचे मराठी भाषांतर जड जाते, असे त्यांच्या ध्यानात आले. तेव्हा वयाची पंचेचाळिशी ओलांडल्यावर त्यांनी हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास मांडला, आणि संपूर्ण शास्त्राचे साध्या मराठीत भाषांतर करण्यास हात घातला. हे काम सुमारे अठरा वर्षे चालले. ज्यांच्या जिभेवर अठरा हजार श्लोक नाचत होते, कलकत्त्याच्या पंडितांनी ज्यांना सरस्वती म्हटले होते, त्यांनी आपले सारे संस्कृत वैभव बाजूस ठेवले आणि भाकऱ्या थापणाऱ्या बाईस कळेल असा शब्द शोधीत बसल्या. मला स्वतःला, शिक्षक या नात्याने, त्यांच्या सर्व त्यागांत हा त्याग फार मोठा वाटतो. अन्न देणे सोपे आहे, वस्त्र देणे सोपे आहे. परंतु आपली विद्वत्ता दुसऱ्यासाठी लपविणे फार अवघड आहे. वर्गात कठीण शब्द योजून विद्यार्थ्यांस दिपविण्याचा मोह मला अनेकदा झाला आहे. अशा वेळी केडगावच्या त्या वृद्ध बाई डोळ्यांपुढे येतात व मी खाली उतरतो.

१९१९ साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद हे पदक दिले. परंतु १९२१ च्या जुलैत त्यांची मनोरमा निवर्तली. आईच्या मागे मुक्तिसदन चालवील अशी हीच त्यांची आशा होती. चाळीस वर्षे जिला कडेवर, मग बोटाशी, मग खांद्यास खांदा लावून वागविले ती एकुलती एक मुलगी गेली. या आघातानंतरही त्यांनी भाषांतराचे काम सोडले नाही. ते हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. त्यांचे शास्त्र त्यांच्याच मुलींनी मुक्तिसदनाच्या छापखान्यात छापले व १९२४ साली ते प्रसिद्ध झाले. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. केडगावचे मुक्तिसदन आजही निराश्रित स्त्रिया व मुले यांची सेवा करीत आहे.

विद्यार्थिमित्रहो आणि पालकजनहो, हे चरित्र वाचून आपण केडगावास शंभर एकर जमीन घ्यावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु आपल्या जिल्ह्यात दुष्काळ व वैधव्य या दोन्ही गोष्टी इतिहासजमा झालेल्या नाहीत. गेल्या काही दशकांत कर्जाच्या व नापिकीच्या पायी कपाशीच्या कितीएक शेतकऱ्यांनी आपला जीव दिला, आणि त्यांच्या मागे राहिलेल्या तरुण बाया व लेकरे आपल्याच गावांतून राहत आहेत. त्यांची मुले कदाचित तुमच्याच बाकावर बसत असतील. त्या बाईस हळदीकुंकवास बोलवावे की नाही, असा प्रश्न अजून कोणाच्या घरी निघत असेल, तर रमाबाईंचे काम आपल्या दारापर्यंत पोचलेले नाही असे समजावे.

आणि मुलांनो, तुमच्यापुरते विचाराल तर आरंभ लहान आहे. वसतिगृहात नळावर रांग लागते तेव्हा धाकट्यास पुढे करा. ज्यास गणित येत नाही त्यास हसू नका, आणि समजावून सांगताना आपली हुशारी दाखवू नका. घरी गेल्यावर एक गोष्ट अवश्य पाहा : सर्वांच्या शेवटी कोण जेवते, आणि तिने तो पाट आपणहून घेतला आहे की, तुम्ही सर्वांनी मिळून तिला दिला आहे? उत्तर मनास लागले तर एक दिवस तुम्ही उठा, तिचे पान आधी वाढा आणि आपण मागून बसा.

ज्या प्रभूने शेवटच्या रात्री कमरेस रुमाल बांधून आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याचा अधिकार त्यामुळे कमी झाला नाही. त्याच्या पावलांवर पाऊल ठेवून रमाबाई चालल्या. तो मार्ग यवतमाळच्या आपल्या काळ्या मातीतूनही जातो; चालण्यास पाय मात्र आपले पाहिजेत.